नादारी अर्ज क्रमांक अकरा

फाल्गुन अर्धा सरला होता आणि भाताच्या रोपासाठी भाजायच्या राबाची कवळं, झाडांच्या डहाळ्या, अजून निम्मी तोडायची राहिली होती. आवडी ऐनाच्या झाडावर चढून कोयत्यानं फांद्या छाटत होती. खाली तिची सासू बयाबाई पडलेल्या फांद्या पायानं दाबून भारे बांधत होती. म्हातारीला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. एकदा वाकली की सरळ व्हायला वेळ लागे, म्हणून ती तीनचार भारे झाल्याशिवाय उठायचीच नाही.

भिकाजी बांधावरून येताना आवडीला वरूनच दिसला. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात पिंपं हलवायच्या कामावर होता आणि सुट्टी असली तरच कुडपणच्या खालच्या या वाडीत यायचा. आज मंगळवार. सुट्टी गुरुवारची.

"काय वो, आज कसे?"

"खाली उतर आधी."

ती उतरली. दंडावर ऐनाच्या सालीचे ओरखडे उठले होते, त्यावर तिनं थुंकी लावली. भिकाजीनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. उमरठच्या वाटेवर सपाटीला त्यांची अकरा गुंठे जागा होती, तिचा सातबारा होता तो.

चार वर्षांपूर्वीच्या पावसात डोंगर ठिकठिकाणी खाली आला, तेव्हा यांच्या घराच्या मागच्या अंगाला हातभर रुंदीची भेग पडली होती. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की आवडी आणि बयाबाई अंथरुणं उचलून शाळेत जात. यंदा घरकुल मंजूर झालं होतं. घर सपाटीवरच्या जागेत बांधायचं, असं ठरलं होतं.

"जागा चालत नाय म्हणतात," भिकाजी म्हणाला. "इतर हक्कात बघ काय लिवलंय."

आवडी सातवी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं. "अलिबाग जिल्हा न्यायालय, नादारी अर्ज क्रमांक अकरा, सन एकोणीसशे एकोणऐंशी. रिसीव्हरचे ताब्यात." मग मान वर करून तिनं विचारलं, "नादारी म्हंजे?"

बयाबाईनं गुडघ्यानं भारा आवळला, वेलीला गाठ मारली.

"म्हंजे भिकाजीचा बापूस," ती म्हणाली आणि पुढच्या फांदीला वाकली.

भिकाजीच्या बापाची, येसाजीची गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. डोंगरातल्या सात वाड्यांचा हिरडा तो गोळा करायचा आणि महाडला विकायचा. लोक त्याच्या शब्दावर हिरडा देत, पैसे विकल्यावर मिळत. एका साली भाव चढेल म्हणून त्यानं माल ठेवून घेतला, महाडला नदीकाठच्या एका भाड्याच्या गोदामात. श्रावणात सावित्रीचं पाणी चढलं आणि तीन दिवस गोदामातच राहिलं. हिरडा काळा पडून कुजला. ज्या व्यापाऱ्यानं आगाऊ रक्कम दिली होती तो नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज घेऊन कोर्टात गेला, आणि येसाजी मुंबईला.

मशीद बंदरच्या गोदामात त्यानं एकोणीस वर्षं हमाली केली. शिमग्याला आणि गौरी-गणपतीला यायचा. पहिली नऊदहा वर्षं महिन्याला चाळीसच रुपये पाठवायचा. वाडीतले बाकीचे मुंबईकर शंभर पाठवत, दीडशे पाठवत. बयाबाईनं दोन पोरं आणि दोन एकर वरकस जमीन एकटीनं सांभाळली. त्यातली पोरगी तापानं गेली. हळूहळू तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की याचं तिकडं दुसरं बिऱ्हाड असणार. येसाजी दम्यानं छातीचा भाता करून घेऊन घरी परतला तेव्हा आवडी नुकतीच सून होऊन आली होती. नऊ महिने तो ओटीवर पडून होता. बयाबाईनं एकदाही त्याला उपाशी ठेवलं नाही आणि एक शब्द त्याच्याशी बोलली नाही. "पाणी तापलंय म्हणावं त्यास्नी," असं ती आवडीला सांगायची, आणि येसाजी चार हातांवर बसून ते ऐकत असायचा.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. सुनील पंचायतीचा सभासद होता, पोलादपूरपर्यंत पिकअप चालवायचा. तिशी ओलांडलेला, कामाला बरा, बोलायला मात्र फटकळ. त्यानं कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"काकी, कोर्टाच्या ताब्यातल्या जागेवर घरकुल बसायचं नाय. एकतीस मेपातुर साफ सातबारा आना. नायतर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागंल."

"ते आमी बघतंव. पन नोंद जुनी हाय. त्यातलं आता काय ऱ्हायलंय?" आवडी म्हणाली.

"काय ऱ्हायलंय ते आमाला इचारा." सुनील हसला नाही, पण मागचे दोघंतिघं हसले. "आमच्या तुळसा आजीचा चार मण हिरडा गेला त्यात. मरताना पन तिच्या हातात दमडी आली नव्हती. बापूस सांगायचा आमचा."

भिकाजी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. रस्त्यात आवडी त्याला म्हणाली, "कोर्टात जाऊन कागद बघाया पायजे."

"नको."

"का नको?"

"काय निघायचं ते मला ठाव हाय. बापाचं नाव निघंल, आनि खाली लोकांची नावं. ते आनखी छापून आनायचं घरात?"

"सातबाऱ्यावर छापलेलंच हाय की," आवडी म्हणाली. "मी जाते. तुमी सुट्टी टाकू नका."

आधी ती तलाठ्याकडं गेली. तलाठी तरुण होता, नीट बोलला. "कोर्टाच्या आदेशानं लागलेली नोंद मला खोडता येत नाही, मावशी. पुढं कोर्टानं काय केलं त्याचा आदेश आणा. प्रकरण संपलं असेल तर तसा निकाल झालेला असणार. तो इथं कुणी आणून दिलेला दिसत नाही." त्यानं जुन्या फेरफाराची नक्कल काढून दिली. तिच्यावर कोर्टाच्या पत्राचा जावक क्रमांक होता. तेवढं तिच्याजवळ आलं.

महाडच्या कोर्टात खिडकीपाशी रांग होती. आवडीचा नंबर आला तेव्हा आतला कारकून मान खाली घालूनच म्हणाला, "काय प्रकरण?"

"नादारी."

"मोठ्यानं बोला."

"नादारी," ती मोठ्यानं म्हणाली. मागच्या बाकावरची चार माणसं तिच्याकडं बघायला लागली. पदर तिनं खांद्यावर पुढं घेतला.

कारकुनानं संगणकावर नाव टाकलं, क्रमांक टाकला. काही निघालं नाही. "इथं नाही. नादारीचे अर्ज जिल्हा कोर्टात चालायचे, अलिबागला. वकील कोण आहे तुमचा?"

"वकील नाय. मी सून हाय. मला दाखवतील काय ते कागद?"

"कुणालाही दाखवतात. अर्ज करायचा, स्टॅम्प लावायचा. नादारी काही चोरून करायची गोष्ट नसते, ती जाहीरच करावी लागते."

बाहेर चहाच्या टपरीपाशी एक माणूस तिच्या मागं आला. पाच हजारात दोन दिवसांत कागद हातात देतो, म्हणाला. आवडीनं त्याला नको म्हटलं आणि ती एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. कारकुनाचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. कुणालाही दाखवतात. म्हणजे इतकी वर्षं कुणीही जाऊन बघू शकत होतं. सात वाड्यांतलं कुणीही, ती स्वतःही, बयाबाईही.

अलिबागला जायचं म्हणजे आदल्या संध्याकाळी पोलादपूरला बहिणीकडं मुक्काम आणि सकाळची पहिली गाडी. वडखळला गाडी बदलून ती पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. उन्हानं डोकं ठणकत होतं, आणि दमट हवेत अंगाला चिकटलेलं लुगडं चालताना पायात अडकत होतं. जिल्हा न्यायालयात तिला तीन खिडक्यांवर फिरवलं. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईनं दोन जाड रजिस्टरं चाळली आणि सांगितलं, "एकोणऐंशी सालचं रायगडचं रजिस्टर इथं नाही."

आवडी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. परत जायचं तर संध्याकाळची गाडी. पिशवीतली भाकरी तिनं अजून सोडली नव्हती. तेवढ्यात आतून चष्मा कपाळावर सरकवलेला एक माणूस फायली घेऊन आला. त्याचं नाव बुद्धरत्न, अभिलेख कक्षाचा कारकून. निवृत्तीला सहा महिने उरले होते, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

"कुठलं साल म्हणालात?"

"एकोणऐंशी. अकरा नंबर."

"मग रायगड कुठं होता? तेव्हा कुलाबा जिल्हा. कुलाब्याची रजिस्टरं आत वेगळ्या मांडणीवर आहेत." त्यानं तिला एक कोरा कागद दिला. "अर्ज लिहा. लिहिता येतं ना? अर्जदाराचं नाव, मूळ प्रकरणाचा क्रमांक, साल, कोणाविरुद्ध, आणि तुम्हाला कशासाठी हवं. वर कुलाबा लिहा आणि कंसात रायगड."

आवडीनं लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं. 'कशासाठी' इथं ती थांबली.

"काय लिवू?"

"खरं असेल ते."

तिनं लिहिलं, घर बांधण्यासाठी.

बुद्धरत्नानं रजिस्टर काढून आणलं. लाल कापडाची पाठ उसवलेली, पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. अकराव्या नोंदीवर त्यानं बोट टेकवलं. येसाजीचं नाव, गाव, तालुका पोलादपूर. पुढच्या रकान्यांत तारखा होत्या. शेवटच्या रकान्यातल्या शाईवर डाग पडला होता, तिथं 'रद्द' एवढंच वाचता येत होतं.

"काय रद्द?" आवडीनं विचारलं.

"अर्ज रद्द झाला, की नादारी रद्द झाली, हे बाडात, प्रकरणाच्या मूळ कागदांत, बघावं लागेल. बाड असलं तर. जुने कागद मुदतीनंतर नष्ट करतात, पण निकाल ठेवतात. पुढच्या बुधवारी या."

आठ दिवस तिनं कवळं तोडली, भारे राबाच्या जागेवर वाहिले, शेण पसरलं, त्यावर कवळ, त्यावर वाळका पातेरा, वर मातीचा थर. मानेला भाऱ्यांच्या ओझ्यानं गाठी आल्या होत्या. मंगळवारी बयाबाईनं दोन भाकऱ्या जास्त थापल्या आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून दिली.

बाड मिळालं होतं. चार बोटं जाडीचं असायला हवं होतं, उरलं होतं बोटभर. बुद्धरत्नानं टेबलाच्या कडेला स्टूल ठेवलं आणि म्हणाला, "बसून वाचा. पेन जवळ ठेवू नका, कागदावर खूण करायची नाही. अडेल तिथं विचारा."

पहिला कागद व्यापाऱ्याच्या अर्जावरचा आदेश. येसाजी नादार जाहीर. देणं लोकांचं आणि व्यापाऱ्याचं मिळून आठ हजार सहाशे चाळीस. मिळकत, उमरठच्या वाटेची अकरा गुंठे, रिसीव्हरच्या ताब्यात. दुसऱ्या कागदावर येसाजीचा जबाब होता, टंकलेला. आवडीनं तो दोनदा वाचला. "माल मीच ठेवून घेतला. लोक विका म्हणत होते. भाव येईल असं मला वाटलं. यात लोकांची चूक नाही. जमीन विकली तर निम्मंही फिटणार नाही, आणि माझ्या पोरांना काही राहणार नाही. मला मुंबईस काम मिळते. दरमहा ऐंशी रुपये भरीन. मुदत द्यावी."

खाली सही होती. येसाजीला सही येत होती हेच आवडीला ठाऊक नव्हतं.

"म्हंजे काय झालं पुढं?" तिनं विचारलं.

बुद्धरत्नानं पान उलटलं. "कोर्टानं तडजोड मान्य केली. हप्ते. हे बघा." कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरचा तक्ता होता. महिना, मनिऑर्डरची तारीख, रुपये ऐंशी. मार्च ऐंशीपासून एका खाली एक, पान भरून, दुसरं पान भरून. दोन ठिकाणी महिना कोरा होता आणि पुढच्या महिन्यात एकशे साठ लिहिले होते. आवडी बोट घेऊन खाली खाली गेली. शेवटची ओळ फेब्रुवारी एकोणनव्वदची.

"एकशे आठ हप्ते," बुद्धरत्न म्हणाला. "नऊ वर्षं. मी इथं तेहेतीस वर्षं आहे. नादारीत माणूस सुटायला बघतो. असा भरत बसलेला क्वचित."

मग वाटपाची यादी. व्यापारी आणि चौदा माणसं, सात वाड्यांची. प्रत्येकाच्या पुढं रक्कम, तारीख आणि सही नाहीतर अंगठा. बाराव्या ओळीत सुनीलची आजी तुळसा होती, यांच्या वाडीतलं एकच नाव. रुपये दोनशे चाळीस, चौदा मार्च एकोणनव्वद, मुक्काम पोलादपूर. पुढं अंगठा, मधून आडवी पांढरी रेघ असलेला.

शेवटचा कागद निकालाचा. सर्व धनकोंची संपूर्ण फेड झाल्याने नादारी रद्द करण्यात येत आहे, मिळकत मोकळी करण्यात येत आहे, महसुली दप्तरी तशी नोंद घ्यावी. त्याची प्रत येसाजीच्या मुंबईच्या पत्त्यावर गेल्याचा शेरा होता. त्यानं ती तलाठ्याकडं नेली नसावी. नेऊन द्यायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

"मावशी, पाणी हवंय का?" बुद्धरत्न म्हणाला. आवडीच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ काही न वाचता त्या तक्त्याकडं बघत बसलोय. येसाजी ओटीवर पडलेला तिला आठवत होता. पाणी तापलंय, असं ती सांगायला गेली की तो म्हणायचा, "ऐकलं गो पोरी."

नकलेसाठी तिनं अर्ज केला. निकाल आणि हप्त्यांचा तक्ता, एवढं मागितलं. वाटपाच्या यादीसाठी लागणारी जादा पानं तिच्याजवळच्या पैशांत बसत नव्हती. संध्याकाळी शिक्का मारलेले कागद हातात आले.

गुरुवारी रात्री ती घरी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी राब भाजायचा होता. सकाळी वारा पडलेला असतानाच आग लावावी लागते, म्हणून दोघी उजाडताच शेतात गेल्या. आवडीनं वाऱ्याच्या विरुद्ध टोकाला चूड लावली. धूर जमिनीलगत पसरला. दोघी हातात ओल्या फांद्या घेऊन कडेनं उभ्या राहिल्या, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून.

"आये," आवडी म्हणाली. "कोर्टातलं मिळालं."

"हं."

"त्यांनी सगळ्यांचं फेडलंय. महिन्याला ऐंशी रुपये. नऊ वरसं. कोर्टात मनिऑर्डर करायचे."

बयाबाई आगीकडं बघत होती. एक ठिणगी बांधावरच्या गवतात पडली, ती तिनं फांदीनं झोडपून विझवली. परत जागेवर येऊन उभी राहिली.

"ऐंशी?"

"व्हय."

"आनि घरी चाळीस." तिनं मनाशी काही जुळवलं. "म्हंजे खायाचा काय?"

राब चांगला पेटला होता. मातीच्या थराखालून कवळाचा कडू वास येत होता. मग बयाबाईनं हातातली फांदी खाली टाकली. तिचा आवाज चिरका आला, रडण्याचा नव्हे, रागाचा.

"मला का नाय सांगितलं? मी काय नको म्हनाले असते? पोरगी तापानं फणफणत व्हती, मी आठ आण्याची गोळी आनाया डोंगर उतरले. तवा पन ऐंशी भरलं असतील त्यानी. मला सांगितलं असतं तर मी निदान... मी निदान त्याला शिव्या तरी समोर दिल्या असत्या."

"आये, त्यास्नी लाज वाटली असंल."

"लाज." बयाबाई खाली बसली, राखेच्या उबेत, गुडघे पोटाशी घेऊन. "नऊ म्हयने ओटीवर व्हता. एक दिस म्हनायचं व्हतं. मी बोलत नव्हते, पन ऐकत तर व्हते."

आवडी तिच्या शेजारी बसली नाही. आग बघायला एकजण उभं राहायलाच हवं होतं. ती बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि सासूकडं न बघता राब विझेपर्यंत तिथं उभी राहिली.

त्या दिवशी बयाबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आवडीला यादीत कोण कोण होतं ते विचारलं. आवडीला आठवली तेवढी नावं तिनं सांगितली. तुळसाचं नाव आलं तेव्हा म्हातारीनं मान वर केली.

"तिला मिळाले?"

"दोनशे चाळीस. पोलादपूरला अंगठा दिलाय."

"घरात कळू दिलं नाय तिनं," बयाबाई म्हणाली. "तिचा नवरा सगळं गुत्त्यावर न्यायचा. कसं सांगंल." जरा वेळानं म्हणाली, "माझ्या समोरनं पाण्याला जायची रोज. मला तरी सांगायचं व्हतं."

तलाठ्यानं निकालाची नक्कल घेऊन फेरफार धरला. पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. भिकाजीला आवडीनं तक्ता दाखवला. सुट्टीला घरी येऊन, हात धुवून त्यानं तो वाचला, आणि बुटांच्या नाड्या न सोडताच बाहेर जाऊन कठड्यावर बसला. चहा निवला तरी तो आत आला नाही.

नोटिशीला नऊ दिवस झाले तेव्हा सुनील घरी आला. सकाळची वेळ होती, पिकअप त्यानं खाली उभी केली होती. ओटीवर बसला, पण टेकून बसला नाही.

"काकी, मी हरकत घ्याया आलो नाय," तो म्हणाला. "नोटिशीत सगळ्यांची फेड झाली असं लिवलंय. मला एवढंच इचारायचं हाय. आमच्या आजीचं नाव हाय काय त्यात?"

आवडीनं आत बघितलं. बयाबाई चुलीपुढून उठून दारात आली होती. आवडीच्या मनात आलं, नाही म्हणावं. मेलेल्या बाईनं जे झाकून ठेवलं ते आपण कशाला उघडावं. आणि हो म्हणावं तर उद्या वाडीभर होईल, तुळसानं पैसे घेतले आणि येसाजीनं बुडवलं म्हणून लोकांना सांगितलं.

"हाय," बयाबाईच म्हणाली. "तिचे तिला पोचलेत. अंगठा दिलाय तिनं."

"पन बापूस म्हनायचा..."

"तुझ्या बापसाला ठाव नव्हतं. तिनं घरात सांगितलं नाय. का नाय सांगितलं ते तुझ्या आज्याला इचार म्हनले असते, पन तो बी नाय आता. आमच्या ह्यानी पन मला सांगितलं नव्हतं." बयाबाईनं उंबऱ्याला हात टेकला. "तिला नावं ठेवू नको. माझ्या घरात बसून तर नकोच."

सुनीलनं विचारलं, "अंगठा तिचाच कशावरनं?"

"मधून आडवी पांढरी रेघ हाय त्यात," आवडी म्हणाली. "कापून भरल्यावानी."

सुनीलनं आपला डावा अंगठा नकळत दुसऱ्या हातात धरला. "विळ्यानं कापला व्हता तिचा. मला चाटवायची, गूळ लावून. बारका असताना. आमच्याकडं फोटो पन नाय तिचा. तो कागद तुमच्याजवळ हाय काय?"

"ते पान मी आनलं नाय. पन तुला मिळंल. कुणालाही मिळतं." आवडीनं आतून कॅलेंडरचा फाटका कागद आणला आणि लिहून दिलं. जिल्हा न्यायालय, अभिलेख कक्ष. कुलाबा, सन एकोणऐंशी, नादारी अर्ज क्रमांक अकरा. वाटपाची यादी, बारावी ओळ. सकाळी अकराच्या आत पोच, स्टॅम्प आवाराबाहेरच घे, बुद्धरत्न म्हणून आहेत त्यांना विचार. सुनीलनं कागद वाचून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. चहा पिऊन तो उठला. जाताना बयाबाईच्या पायाला हात लावला.

ग्रामसभेत त्यानं काय सांगितलं ते बायकांना नंतर कळलं. घरकुलाचा विषय आला तेव्हा तो म्हणाला, येसाजी आजोबांनी सगळ्यांचे पैसे दिलेत, मी चौकशी केलीय. तुळसाचं नाव कुणी काढलं नाही, त्यानंही नाही.

मे महिन्याच्या एकविसाव्या तारखेला सातबाऱ्यावरची नोंद गेली. सव्वीसला गवंडी आला आणि सपाटीवरच्या जागेत चुन्याच्या फक्कीनं आखणी सुरू झाली. भिकाजीनं त्या दिवशी खाडा केला होता. त्यानं फक्कीची पिशवी धरली होती, आवडी दोरी ताणून उभी होती. बयाबाईला सुनीलनं पिकअपमधून खाली आणून सोडलं होतं. ती एका दगडावर बसून बघत होती.

गवंडी विडी ओढायला बाजूला गेला तेव्हा ती म्हणाली, "भिकाजी, ही जागा घेतली त्या दिवशी तुझ्या बापसानं मला डोंगरावरनं चालवत आनलं व्हतं. तू कडेवर व्हतास. रस्ताभर तुला खांद्यावर घेतो म्हनायचा, नि मी दिलं नाय, पडशील म्हनून."

भिकाजी थांबला. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात आईच्या तोंडून बापाबद्दल असं काही त्यानं ऐकलं नव्हतं.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काय. त्या आंब्याखाली बसलो. दुकान घालीन म्हनाला, रस्त्याला लागून हाय. मी म्हनले, दुकानात बसंल कोण? तर म्हनाला, तू. मला एक अक्षर येत नव्हतं नि हा मला दुकानात बसवतोय." बयाबाईनं नाकाला पदर लावला. "लय हसलो तवा."

भिकाजीनं फक्कीची पिशवी खाली ठेवली आणि तो तिच्या पायाशी मातीत बसला. आवडीनं दोरीचं टोक खुंटीला बांधलं. गवंडी विडी संपवून आला आणि काही म्हणणार होता, पण आवडीनं त्याला हातानंच थांबवलं. बयाबाई बोलत होती.